भवभूति : कुळकथा आणि करुण

यवतमाळ जिल्ह्यांतील वणीहून पूर्वेकडे गेलें म्हणजे वर्धा नदी लागते; पैलतीरीं चंद्रपूरचा मुलूख. त्या मुलुखांतच कोठें तरी भवभूतीचें पद्मपूर असावें, असा डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा तर्क होता. पुढें महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं तें आमगांवाजवळ, हल्लींच्या गोंदिया जिल्ह्यांत, दाखविलें. गांव कोणतेंही ठरो. आठव्या शतकाच्या आरंभींचा हा नाटककार विदर्भाचा, ही साक्ष त्याची स्वतःचीच आहे.

कालिदास आपल्या आईबापांविषयीं अवाक्षर काढीत नाहीं. भवभूति मात्र प्रस्तावनेंतच वंशावळ मांडतो. काश्यप गोत्र, तैत्तिरीय शाखा. वाजपेय यज्ञ केलेल्या महाकवि नामक पूर्वजापासून आपण पांचवे. आजा भट्टगोपाल, पिता नीलकंठ, माता जातुकर्णी. कल्हणानें त्याची गणना कनोजच्या यशोवर्म्याच्या दरबारांत केली आहे. म्हणजे कवि घरापासून फार दूर गेला होता. कोणी यास कुळाभिमान म्हणतील, आणि तो थोडाफार असेलही. पण आईचें नांव आठवणीनें घालणें हें केवळ अभिमानाचें लक्षण नव्हे.

'उत्तररामचरित' हें त्याचें नाटक एका घराण्याच्या चित्रांनींच सुरू होतें. जनक परत गेल्यामुळें सीता खिन्न आहे. तिचें मन रमावें म्हणून लक्ष्मण तिला रामचरित्राचीं चित्रें दाखवितो. विवाह, वनवास, जनस्थान अशीं चित्रें सरकूं लागतात, आणि करमणुकीसाठीं मांडलेल्या त्या चित्रांनीं रामाच्याच डोळ्यांस पाणी येतें. सीतेला तें अरण्य पुन्हां पाहण्याची इच्छा होते. तीच इच्छा पुढें तिच्या त्यागाचें निमित्त ठरते! कला दुःखावर फुंकर घालते असें आपण सहज म्हणतों. भवभूतीस तिची दुसरी बाजूही ठाऊक होती.

तिसऱ्या अंकांत अदृश्य असलेल्या सीतेच्या कानीं येतें कीं, अश्वमेधांत रामाशेजारीं दुसरी पत्नी नसून आपलीच सुवर्णप्रतिमा आहे. बारा वर्षें मनांत सलणारें शल्य त्या एका वाक्यानें निघतें. सोन्याच्या निर्जीव मूर्तीनें जिवंत स्त्रीचा मान राखावा, याचें नवल वाटतें.

इकडे लव आश्रमांत रामायण शिकला आहे, पण अर्धेंच. पुढील भाग वाल्मीकीनें नाटकरूपानें रचून भरतमुनीकडे धाडला आहे. लवासमोर त्याचा आजा जनक आणि आजी कौसल्या बसलीं आहेत. तो त्यांना त्यांचीच कथा सांगतो, आणि कोणी कोणास ओळखीत नाहीं.

सातव्या अंकांत गंगातीरीं अप्सरा तें नाटक करितात. सीतेचे हाल पाहून राम व्याकुळ होतो. हें नाटक आहे, असें लक्ष्मणास त्यास सांगावें लागतें. तरीही तो मूर्च्छित पडतो. तेव्हां अरुंधती खऱ्या सीतेस पुढें आणते, आणि तिच्या हस्तस्पर्शानें तो सावध होतो. मूळ रामायणांत सीता भूमींत जाते. येथें ती परत येते. मागाहून वाल्मीकि कुशलवांस घेऊन येतो, आणि ज्या काव्याचे पाठ आपण इतकीं वर्षें म्हटले, त्यांतील राम आणि सीता हींच आपलीं आईबापें, हें त्या मुलांस प्रथमच कळतें.