धर्माचा रकाना, जातीचा रकाना

हा भाग ज्यांनी ऐकलाय त्यांना बरंचसं ओळखीचं वाटेल. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे "अं... म्हणजे" काढून टाकलेत.

आजचा प्रश्न साधा आहे. आपलं सरकार सेक्युलर आहे म्हणतात. मग अनुसूचित जातीचा दाखला काढताना धर्म का विचारतात? जात विचारणं समजू शकतो. ज्या जातीला अस्पृश्य म्हणून वागवलं, तिची भरपाई करायची तर जात कळायलाच हवी. पण घरी तुम्ही कोणासमोर हात जोडता, किंवा कोणासमोरच जोडत नाही, याचा त्याच्याशी काय संबंध?

याचं उत्तर शोधायला दिल्लीला जायला नको. आम्ही रेकॉर्डिंग करतो ती रामदासपेठ, म्हणजे दवाखाने आणि कोचिंग क्लासेसचा एरिया. तिथून काचीपुऱ्याच्या अंगाने चालत निघालात तर थोड्या वेळात दीक्षाभूमी येते. गोष्ट तिथूनच सुरू होते.

१४ ऑक्टोबर १९५६, दसऱ्याचा दिवस. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होतं. बाबासाहेब सीताबर्डीच्या श्याम हॉटेलात उतरले होते. "हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही" या अर्थाची घोषणा त्यांनी येवल्यात केली त्याला २१ वर्षं होऊन गेली होती. व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या मोकळ्या मैदानात महास्थवीर चंद्रमणींनी त्यांना दीक्षा दिली. नंतर बाबासाहेबांनी स्वतः समोरच्या लाखो लोकांना दीक्षा दिली आणि २२ प्रतिज्ञा घेतल्या. लोक पांढरे कपडे घालून आले होते. विदर्भातल्या गावागावांतून रेल्वेने, बैलगाडीने, पायी.

इथपर्यंत आपल्याला शाळेत शिकवतात. पुढचं फारसं कोणी सांगत नाही.

त्या मैदानातल्या प्रत्येक माणसाने त्या दिवशी एक हिशोब केला होता. शाळेची फी माफी, शिष्यवृत्ती, सरकारी नोकरीतली जागा, निवडणुकीतला राखीव मतदारसंघ. हे सगळं 'अनुसूचित जाती' या शब्दावर उभं होतं आणि त्या शब्दाला एक अट चिकटलेली होती. राज्यघटनेच्या कलम ३४१ खाली राष्ट्रपतींनी १९५० साली जातींची यादी काढली. तिच्या तिसऱ्या परिच्छेदाचा अर्थ असा, की हिंदू धर्मापेक्षा वेगळा धर्म मानणाऱ्या माणसाला अनुसूचित जातीचा समजायचं नाही. संपलं. १९५६ मध्ये त्यात शिखांची भर पडली. बौद्धांची नाही.

ही अट स्वतंत्र भारताने शोधून काढली असंही नाही. इंग्रजांच्या १९३६ च्या आदेशात भारतीय ख्रिश्चनांना अनुसूचित जातीतून वगळलं होतं आणि बंगालपुरतं बौद्धांनाही. जुना कोड कॉपी करून नव्या प्रोजेक्टमध्ये टाकावा, तसं काहीसं झालं. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे बरोबर कळेल. तो नियम कोणी, का लिहिला होता हे विचारायच्या आत तो प्रॉडक्शनला गेलेला असतो.

बाबासाहेबांना हे माहीत नव्हतं का? कायदेमंत्री होते ते, माहीत नसेल कसं! दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, याच मैदानावर त्यांनी मोठं भाषण केलं. आपल्या सवलतींचं काय, ही लोकांची शंका त्यांनी टाळली नाही. सूर साधारण असा होता, की ज्याने त्या एकदा मिळवून दिल्या तो पुन्हा मिळवून देईल. बरोबर ५२ दिवसांनी, ६ डिसेंबरला, ते गेले. मधल्या काळात, १ नोव्हेंबरला, नागपूर मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आलं. म्हणजे माणसाचा धर्म बदलला, राज्य बदललं, आणि ज्याच्या भरवशावर पाऊल टाकलं तो माणूस राहिला नाही. सगळं दोन महिन्यांच्या आत.

तरीही लोक थांबले नाहीत, हे मला या गोष्टीतलं सगळ्यात थक्क करणारं वाटतं. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१ च्या जनगणनेत बौद्ध होते सुमारे अडीच हजार. १९६१ मध्ये, सुमारे २७ लाख ९० हजार. यातल्या प्रत्येक घराला जनगणनेच्या कागदावर 'बौद्ध' लिहिण्याची किंमत माहीत होती. काहींनी घरी बुद्धवंदना आणि कागदावर 'हिंदू महार' असाही मार्ग काढला. त्यांना नावं ठेवणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला ते जमत नाही. पोरीची फी भरायची असेल आणि सरकार म्हणत असेल की फी हवी असेल तर अमुक धर्म लिही, तर खोटेपणा नेमका कोणाचा?

आता नागपूरचीच एक केस. कायद्याचं शिक्षण घेणाऱ्यांनी वाचली असेल, बाकीच्यांनी नाव तरी लक्षात ठेवा: पंजाबराव विरुद्ध डी. पी. मेश्राम. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत मेश्राम नागपूरच्या राखीव मतदारसंघातून निवडून आले. हरकत अशी घेतली गेली, की हे तर बौद्ध झालेत, मग राखीव जागेवर उभे कसे? मेश्राम यांची कोर्टातली भूमिका होती की आपण धर्म बदललेला नाही. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९६४ मध्ये निकाल त्यांच्या विरोधात लागला. निवडणूक रद्द.

निकालातला कळीचा शब्द आहे 'मानणे'. एखादा धर्म मानतो म्हणजे काय? कोर्ट म्हणालं, चारचौघांत उघडपणे जाहीर करणं म्हणजे मानणं. एकदा तशी जाहीर घोषणा केली की ते धर्मांतर रीतसर झालं का, आतून पटलं का, याच्या खोलात जायची गरज नाही. कायदा म्हणून हे तर्काला धरून आहे. मनात डोकावायचं यंत्र कोर्टाकडे नसतं आणि नसलेलंच बरं. पण मेश्रामांच्या बाजूने बघा. ज्या शहरात लाखोंनी उभं राहून आपली नवी ओळख मोठ्याने सांगितली, त्याच शहरात त्या समाजासाठी राखीव असलेली जागा टिकवायची तर ती ओळख नाकारावी लागत होती. उघड बोलणं, हाच पुरावा आणि हाच गुन्हा.

या अटीमागे काही युक्तिवाद होता का? होता. अस्पृश्यता ही हिंदू समाजातली गोष्ट, बौद्ध धर्म जात मानतच नाही, मग धर्म सोडला की जातही सुटली, आणि भरपाईचं कारणही संपलं. ऐकायला बरं वाटतं. पण गावातली विहीर, भाड्याची खोली, चहाच्या टपरीवरचा वेगळा कप, यांपैकी कोणीच तुमची दीक्षा कधी झाली हे विचारत नाही. तुम्ही जात सोडता, समोरच्याने सोडायला हवी ना! आमच्या कामात फॉर्म बनवताना एक नियम पाळतात: जो रकाना निर्णयासाठी लागत नाही तो विचारायचा नाही. निर्णय जर 'या माणसाला जातीमुळे वागणूक कशी मिळाली' यावर असेल, तर त्याची प्रार्थना त्यात कुठे बसते?

जरा वेगळ्या वाटेने जातो, कारण याशिवाय बाबासाहेबांनी एवढी जोखीम का घेतली ते कळत नाही. धर्म ही गरिबांची अफू आहे, असं म्हणणारे तेव्हा बरेच होते, आणि माझ्या पिढीत रात्री दोन वाजता रेडिटवर तेच लिहिणारेही खूप. मीही देव मानत नाही. पण नागपूरच्या भाषणातला बाबासाहेबांचा मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही. माणसाला पोटासोबत मन आहे, मनालाही खाद्य लागतं, आणि गरिबाला जगवते ती आशा. सुखी माणसाचं धर्मावाचून भागेल, पिचलेल्याचं कसं भागणार, असा तो विचार.

आणि त्यांनी निवडला कोणता धर्म? ज्यात निर्माता देव नाही, अमर आत्मा नाही. 'द बुद्ध अँड हिज धम्म' हे त्यांचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ मध्ये आलं. त्याच्या प्रस्तावनेत ते चार आर्यसत्यांनाच प्रश्न विचारतात: जगणंच दुःख असेल तर माणसाने धडपडायचं कशासाठी? त्यांच्या मांडणीत दुःख फक्त मनातल्या तृष्णेतून येत नाही. माणूस माणसाशी अन्यायाने वागतो, त्यातूनही येतं. म्हणजे सुख ही ध्यानाच्या ॲपची गोष्ट राहत नाही, ती धोरणाची होते. पाणी, जमीन, शाळा, कायदा. शेजारच्या भूतानने 'सकल राष्ट्रीय आनंद' २००८ च्या राज्यघटनेत लिहिला तेव्हा जगभर कौतुक झालं. आपल्याकडे हा विचार अर्ध्या शतकापूर्वी मांडून झाला होता. असो.

परत कागदांकडे. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, तेव्हा यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने राज्याच्या हातातल्या सवलती नवबौद्धांना लागू केल्या. शिक्षण, राज्याच्या नोकऱ्या. मोठी गोष्ट होती. पण राज्य सरकार राष्ट्रपतींचा आदेश बदलू शकत नव्हतं. त्यामुळे एकच मुलगा मुंबईच्या मंत्रालयासाठी सवलतीला पात्र आणि दिल्लीच्या मंत्रालयासाठी अपात्र. राखीव मतदारसंघही केंद्राच्याच यादीवर चालतात, म्हणून १९६२ मध्ये मेश्राम अडकले. ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह केला, हजारो माणसं तुरुंगात गेली. मुख्य मागणी जमिनीची, पण यादीत बौद्धांच्या सवलतीही होत्या.

दिल्लीने ऐकायला १९९० उजाडलं. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास, व्ही. पी. सिंग यांच्या सरकारने कायदा करून त्या तिसऱ्या परिच्छेदात 'बौद्ध' हा शब्द घातला. १९५६ ते १९९०, ३४ वर्षं. एका शब्दासाठी. दीक्षाभूमीवर विशीत असलेला तरुण तोवर नोकरीतून निवृत्तीला आला होता. त्याची संधी गेली, त्याच्या मुलांचीही बरीचशी गेली.

लक्षात घ्या, अट काढली नाही, फक्त अपवाद वाढवला. दलित ख्रिश्चन आणि दलित मुस्लिम अजून बाहेरच आहेत. २००७ मध्ये न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा आयोगाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून वेगळा करा अशी शिफारस केली. २०२२ मध्ये केंद्राने न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आणखी एक आयोग नेमला. विरोध करणाऱ्यांमध्ये आजचे लाभार्थीही आहेत, आणि त्यांची भीती खोटी नाही. जागा तेवढ्याच, वाटेकरी जास्त. माझं मत विचाराल तर त्याचं उत्तर जागांच्या गणितात शोधावं, माणसाच्या देवघरात नाही. सरकार ज्या दिवशी म्हणतं की या धर्मात राहिलास तर मदत, त्या धर्मात गेलास तर नाही, त्या दिवशी ते कुठल्यातरी धर्माच्या दाराशी राखणदार म्हणून उभं असतं.

आता तुमच्या कामाचं. २०२७ च्या जनगणनेत जात विचारणार आहेत, सगळ्यांची. १९३१ नंतर पहिल्यांदाच. व्हॉट्सॲपवर आतापासून फॉरवर्ड फिरतायत: जात लिहू नका, फक्त बौद्ध लिहा, किंवा उलट, बौद्ध लिहिलं तर सवलत जाईल. दुसरी भीती १९६१ ची आहे, आजची नाही. १९९० नंतर धर्म बौद्ध आणि जात महार, किंवा यादीतली जी असेल ती, असे दोन्ही रकाने भरता येतात आणि कायद्याची हरकत नाही. पहिलं मात्र तुमच्या घरात बोलून ठरवायचं. आपल्या शो-ला मेसेज करणाऱ्या एका मैत्रिणीच्या घरी आजोबा म्हणतात फक्त बौद्ध, वडील म्हणतात दोन्ही, आणि ती म्हणते आधी मला सांगा हा फॉर्म वापरणार कोण आणि कशासाठी. तुमच्या घरी काय ठरतंय ते व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो.