पांढऱ्या घराचा अपराध

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या कोकणातल्या घरी चुना भिजत पडे. त्यात चिमूटभर नीळ पडे, आणि वडील स्वतः कुंचा घेऊन उभे राहत. पावसाळ्याने काळवंडलेल्या भिंती संध्याकाळपर्यंत लख्ख होत. अशा पांढऱ्या भिंतीविरुद्ध कुणाची तक्रार असू शकेल, हे मला कॉलेजात वर्डस्वर्थ वाचूनही कळले नव्हते. आम्हाला नेमलेल्या पुस्तकात त्याची डॅफोडिल्स होती, घरबांधणी नव्हती.

पण घरबांधणीवर त्याने लिहिले आहे, आणि चांगले तावातावाने लिहिले आहे. इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यात सरोवरांचा आणि डोंगरांचा एक मुलूख आहे, लेक डिस्ट्रिक्ट. त्याच्या कडेला कवी जन्मला आणि त्याच्या कुशीत वारला. १८१० साली जोसेफ विल्किन्सन नावाच्या पाद्र्याने या मुलखाची चित्रे छापली, तेव्हा सोबतचा मजकूर वर्डस्वर्थने निनावी लिहून दिला. १८२२ मध्ये त्याचे स्वतंत्र पुस्तक झाले, आणि १८३५ पर्यंत पाच आवृत्त्या निघाल्या. दिसायला ती प्रवाशांची वाटाडी पुस्तिका. पण तिचा मोठा भाग म्हणजे या मुलखात घर कसे बांधावे, आणि विशेषतः कसे बांधू नये, याचा जाहीरनामाच आहे.

त्याचा आदर्श होता तिथल्या मेंढपाळ-शेतकऱ्यांची जुनी घरे. ही घरे कुणी आखली नव्हती. शेताशेतांमधले गडगे जसे बिनचुन्याचे, नुसत्या दगडावर दगड ठेवून रचलेले, तशाच दगडाची घराची भिंत. कित्येक भिंतींत दगड बाहेरच्या अंगाला किंचित कलते बसवलेले असतात. पाऊस आत शिरू नये म्हणून. छपराला पाटीचा दगड. ज्या पाटीवर आपण श्रीगणेशा गिरवला त्याच जातीचा, पण हिरवट छटेचा आणि जाड. मोठ्या फरशा वळचणीला, आणि आढ्याकडे जावे तशा लहान लहान. सगळ्यांत जास्त पाणी वळचणीवरून वाहते, तेव्हा तिथे सांधे कमी हवेत. आणि खाणीतून निघालेला लहान तुकडाही वाया जाऊ नये. धुराडी मात्र खाली चौकोनी आणि वर गोल. या दगडाला नीट कोपरा घडवता येत नाही म्हणून ती गोल झाली, असे सांगतात. कवीला त्यांचे फार कौतुक होते. पोराबाळांसाठी खोली वाढवावी, लोकर ठेवायला पडवी काढावी, असे करत ती घरे वाढली. ती बांधलेली नसून खडकातून उगवली असावीत असे त्याला वाटे, आणि चित्रे पाहिली की आपल्यालाही वाटते.

मग आले शहरातले श्रीमंत. निसर्गशोभा पाहण्याची हौस नुकतीच निघाली होती. विंडरमिअर सरोवरातल्या बेटावर १७७४ साली घुमटाचा गोल वाडा उभा राहिला. टेकाडाटेकाडांवर बंगले झाले. लांबून दिसावेत म्हणून उंचावर, आणि अधिक दिसावेत म्हणून पांढरेशुभ्र. वर्डस्वर्थचे म्हणणे असे, की एका दरीत अशी पाचसहा पांढरी घरे विखुरली की डोळा त्यांच्यामध्ये त्रिकोण आखीत बसतो आणि दरी दिसेनाशी होते. चित्रकार रेनॉल्ड्सचा एक तोडगा प्रसिद्ध होता : घराचा रंग ठरवायचा तर तिथला दगड उपटून पाहा, खालच्या मातीचा रंग घराला द्या. कवीला तोही सरसकट पटला नाही. या डोंगरांचा निळसर दगड भिंतीवर फार थंड दिसेल, तेव्हा साय आणि धूळ यांच्या मधला रंग बरा, असा निकाल त्याने दिला. कवीने रंगाऱ्याला इतक्या बारकाईने सूचना दिल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

येथे मला वडिलांचा कुंचा आठवतो. त्या मुलखातल्या सीथवेट गावी वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. रत्नागिरीच्या माणसाला हा आकडा ओळखीचा वाटेल. आपला चार महिन्यांत उरकतो, त्यांचा बारमाही. अशा ठिकाणी ओबडधोबड भिंतीला चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याचा हात, ही हौस नव्हे, अंगावरचे घोंगडे आहे. समोरच्या टेकडीवरून पाहणाऱ्याला त्रिकोण दिसतात. आत निजणाऱ्याला भिंत कोरडी आहे की नाही एवढेच कळते. कवी दोन्हीकडचा होता, ही त्यातली गंमत. ग्रासमिअरच्या ज्या झोपडीवजा घरात तो १७९९ पासून १८०८ पर्यंत राहिला, ते आजचे डव्ह कॉटेज, पूर्वीची खाणावळ, पांढरेच होते. डी क्विन्सीने ते झाडांत चमकणारे पांढरे घर म्हणूनच वर्णिले आहे.

पुढची हकीकत याहून मौजेची आहे. १८०५ च्या सुमारास ग्रासमिअरच्या वर लिव्हरपूलच्या एका वकिलाने ॲलन बँक नावाचे मोठे घर बांधले. वर्डस्वर्थने त्याला शेलकी दूषणे दिली. साऱ्या खोऱ्याचा सत्यानाश झाला म्हणाला. आणि १८०८ साली, कुटुंब वाढले, झोपडी पुरेना, तेव्हा त्याच घरात भाडेकरू म्हणून राहायला गेला. धुराडी अशी की धूर वर जाण्याऐवजी खोलीत उतरे. पाहुणा आलेला कोलरिजही त्या धुरातच. घरे कशी बांधावीत हा १८१० चा मजकूर त्याने तयार केला तो या घरात बसून!

त्या पुस्तिकेत एक वाक्यार्थ असा होता, की हा मुलूख म्हणजे एका प्रकारची राष्ट्राची मालमत्ता आहे. पाहायला डोळे आणि भोगायला मन असलेल्या प्रत्येकाचा तिच्यावर हक्क आहे. १८४४ मध्ये रेल्वे येऊ लागली तेव्हा मात्र त्याच कवीने विरोध केला. रेल्वे १८४७ ला विंडरमिअरला पोचलीच. कल्पना मागे राहिली. १८९५ साली कॅनन रॉन्स्ली, ऑक्टेव्हिया हिल आणि रॉबर्ट हंटर यांनी नॅशनल ट्रस्ट काढला. १९५१ मध्ये मुलूख राष्ट्रीय उद्यान झाला आणि २०१७ मध्ये जागतिक वारसा. नवे बांधायचे तर परवानगी लागू लागली.

नियमांनी चांगली इमारत जन्मते का? मला शंका आहे. आज त्या भागात वाखाणली जाणारी दोन घरे, व्हॉयसीचे ब्रॉड लीज आणि बेली स्कॉटचे ब्लॅकवेल, १९०० च्या आसपासची, श्रीमंतांच्या सुटीसाठी बांधलेली आणि भिंतींनी पांढरी. पण छप्पर तिथल्या पाटीचे, आणि बैठक जमिनीला धरून. उलट २०१९ साली विंडरमिअरच्या काठी होड्यांचे संग्रहालय झाले, कारमोडी ग्रोर्क या वास्तुकारांचे. त्यात जुन्या घरांची नक्कल नाही. जुन्या वाळू-खडीच्या कारखान्याच्या जागी, होड्यांच्या शेडींसारखी उतरत्या छपरांची रांग, आणि अंगावर तांबे, जे पावसापाण्याने काळवंडत जाणार. वर्डस्वर्थला ते आवडले असते की नाही देव जाणे. त्रिकोण मात्र आखले जात नाहीत.

ज्याची चिंता कवीने फारशी केली नाही ती गोष्ट निराळीच निघाली. घरे टिकली, रंगही टिकला, पण कित्येक घरांत वर्षाचे बहुतेक दिवस कुणी नसते. सुटीपुरते येणाऱ्यांनी ती घेतली, किमती चढल्या, आणि मेंढपाळाच्या मुलाला त्याच्याच गावात घर परवडेना. म्हणून आता नव्या घराला परवानगी देताना रंगाइतकेच हेही पाहतात, की यात बारा महिने राहणार कोण. ज्या घरांना कवी उगवलेली म्हणाला ती लोकर ठेवायला जागा हवी म्हणून उगवली होती.

ॲलन बँक पुढे रॉन्स्लीने घेतले आणि १९२० साली मृत्युपत्राने ट्रस्टला दिले. २०११ मध्ये त्याला आग लागली. छप्पर दुरुस्त झाले, पण आतल्या खोल्या पूर्वीसारख्या सजवायच्या नाहीत असे ठरले. २०१२ मध्ये घर लोकांना खुले केले ते तसेच, उघड्या गिलाव्याच्या भिंतींचे. पुढे काय करावे हे येणाऱ्यांनाच विचारले. आम्ही गेलो तेव्हा लोक शेकोटीशी चहा घेत बसले होते, मुले खिडकीत चित्रे काढीत होती. मी बाहेर येऊन मुद्दाम धुराडे पाहिले. धूर सरळ वर जात होता.