शेततळ्यात मत्स्यबीज सोडताय? पिशवीची गाठ सोडायची घाई नको

बोरी (ता. जिंतूर) : पाऊस लागला, शेततळं भरलं की बोरी परिसरात मत्स्यबीजाची विचारपूस सुरू होते. टेम्पोतून नाहीतर मोटारसायकलवर ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या येतात, बांधावर चार माणसं जमतात, गाठ सोडून पिशवी तळ्यात उलटी केली जाते आणि सगळे चहाला निघून जातात. दिवाळीच्या सुमाराला जाळं टाकलं की हजारातले दोन-तीनशे हाती लागतात. मग दोष बीज देणाऱ्याला. बीज खराब असतंच कधीकधी, पण बऱ्याच ठिकाणी पिल्लं मरतात ती बांधावरच्या त्या पंधरा-वीस मिनिटांच्या घाईमुळे.

हे लवकर कळतही नाही. मेलेली बारीक पिल्लं आधी तळाला जातात. नंतर वर आली तर बगळे-कावळे उचलून नेतात. शेतकरी मात्र हजार मासे आहेत असं धरून रोज खाद्य टाकत राहतो. न खाल्लेलं खाद्य तळाशी कुजतं, पाणी बिघडतं आणि जगलेल्यांचीही वाढ खुंटते. म्हणजे खर्च दोनदा.

पिशवीतल्या पाण्याचं आणि तळ्याच्या पाण्याचं तापमान वेगळं असतं. मासा थंड रक्ताचा प्राणी. त्याच्या अंगाचं तापमान पाण्याबरोबर बदलतं, पण एकदम चार-पाच अंशांचा फरक पडला की पिल्लू गांगरतं, आडवं होतं. प्लास्टिक कागदाच्या तळ्यात तर दुपारी वरचं पाणी चांगलंच तापलेलं असतं. म्हणून बीज सकाळी ऊन चढायच्या आत किंवा सूर्य कलल्यावर सोडावं. तळ्याचं पाणी गर्द हिरवं असेल तर अगदी पहाटेही नको. रात्रभर शेवाळ ऑक्सिजन वापरतं, त्यामुळे पहाटे पाण्यात तो सगळ्यात कमी असतो. दिवस उगवून तास-दोन तास झाले की ठीक.

पिशवी आणली की गाठ न सोडता तशीच पाण्यावर तरंगत ठेवावी. वीस मिनिटं ते अर्धा तास, तेही सावलीत. ऊन असेल तर वर ओलं पोतं टाकावं. आतलं-बाहेरचं पाणी हाताला सारखं लागलं की मगच गाठ सोडायची.

गाठ आधी का सोडू नये, याला कारण आहे. मासे पाण्यात अमोनिया सोडत असतात. बंद पिशवीत त्यांच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याचा सामू उतरतो आणि उतरलेल्या सामूत अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की तो वायू उडून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणजे गाठ सोडेपर्यंत दम धरायचा आणि सोडल्यावर मात्र फोटो काढत बसायचं नाही. तांब्या-तांब्याने तळ्याचं पाणी पिशवीत घालावं, दोन-तीन मिनिटं थांबून पुन्हा घालावं. पंधरा मिनिटांत पिशवीतलं पाणी दुप्पट झालं की पिशवी आडवी करून तोंड पाण्यात बुडवावं. पिल्लं आपली आपण बाहेर पडतात. वरून ओतू नये, हाताने ढकलू नये.

खरी अडचण त्याच्याही आधीची आहे. बीज मिळतं पावसाळ्यात, आणि त्याच दिवसांत कापूस-सोयाबीनवर फवारणी चालू असते. सायपरमेथ्रिनसारखी औषधं माशांना अगदी थोड्या प्रमाणातही मारक असतात. तळ्यात पंप धुणं, बांधावर औषधाच्या बाटल्या टाकणं, फवारलेल्या रानाचं पाणी तळ्यात उतरू देणं, यातलं एक जरी झालं तरी वरची सगळी मेहनत वाया. नुसत्या बोअरच्या पाण्याने तळं भरलं असेल तर त्यात ऑक्सिजन कमी असतो. आठवडाभर ते उन्हावाऱ्याला राहू द्यावं. सामू तपासायची पट्टी स्वस्तात मिळते, साडेसात ते साडेआठ आला तर चांगलं.

पाण्याची परीक्षा पिल्लांकडूनच करून घेता येते. आदल्या दिवशी तळ्याचं पाणी बादलीत घेऊन त्यात आठ-दहा पिल्लं ठेवावीत. तेवढी सोय नसेल तर बीज सोडताना पन्नास-शंभर पिल्लं मोजून हाप्यात, म्हणजे तळ्यातच बांधलेल्या बारीक जाळीच्या पिंजऱ्यात, चोवीस तास ठेवावीत. शंभरातली दहा मेली तर तळ्यातही साधारण तेवढीच गेली असं धरून खाद्य ठरवता येतं. बीज देणाऱ्याशी बोलायलाही हातात आकडा राहतो.

बीज किती सोडायचं, तर साधारण हेक्टरी पाच ते दहा हजार बोटुकली. बोटुकली म्हणजे दोन इंचांच्या पुढचं पिल्लू. 30 बाय 30 मीटरच्या शेततळ्याला हा हिशेब साडेचारशे ते नऊशेवर येतो. स्वस्त मिळालं म्हणून पाच हजार सोडणारे कमी नाहीत, पण ते मासे वाढत नाहीत. थाई मांगूर कोणी देऊ केला तर घेऊ नये, त्याच्या पालनावर देशात बंदी आहे.

रोहू, कटला, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यामुळे तळ्यातले संपले की पुन्हा विकतच आणावे लागतात. पूर्वी हे बीज नद्यांमधून गोळा करावं लागे. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन घडवून आणलं, तेव्हापासून बीज केंद्रात तयार होऊ लागलं. 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन पाळतात तो त्यामुळेच. सायप्रिनस साचलेल्या पाण्यातही अंडी घालतो, पण त्याच्या एकट्यावर तळं चालत नाही.

घरातल्या काचेच्या पेटीला आणि डासांसाठी हौदात सोडायच्या गप्पी माशांनाही हीच रीत लागू. तिथे धोका नळाच्या पाण्याचा. ग्रामपंचायत टाकीत ब्लिचिंग पावडर टाकते, त्यातला क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो. पाणी पसरट भांड्यात एक-दोन दिवस उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातो. आरोग्य विभागाने दिलेले गप्पी मासे हौदात टाकले आणि दुसऱ्या दिवशी उलटे तरंगले, तर आधी पावडर कधी पडली ते विचारावं. पेटीत मासे सोडताना मात्र पिशवीतलं पाणी आत ओतू नये. लहान जाळीने फक्त मासे उचलून सोडावेत आणि त्या दिवशी खाद्य टाकू नये. हौद धुवायचा असेल तर काही गप्पी मासे जुन्या पाण्यासकट बादलीत काढून ठेवावेत. पाणी निवल्यावर पुन्हा सोडायला तेच कामी येतात.