शांत किनाऱ्यांचा ताळेबंद

१३ मे २०११ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या उद्यान विभागाने आपल्या २७८ उद्यानांपैकी ७० उद्याने पुढील वर्षाच्या १ जुलैपर्यंत बंद करण्याची यादी जाहीर केली. राज्याची तिजोरी रिकामी झाली होती आणि विधिमंडळाने विभागाच्या अनुदानात पहिल्या वर्षी १.१ कोटी आणि त्यानंतर दरवर्षी २.२ कोटी डॉलरची कपात केली होती. यादी करताना लावलेली कसोटी सरळ हिशेबाची होती: उरलेल्या उद्यानांमध्ये एकूण अभ्यागतांपैकी किमान ९२ टक्के आणि एकूण उत्पन्नापैकी ९४ टक्के कायम राहावेत, अशा बेताने नावे निवडली गेली. परिणामी जी स्थळे गजबजलेली नव्हती, जिथे तिकिटाची खिडकी नव्हती किंवा असून फारशी चालत नव्हती, तीच या यादीत आली, आणि त्यांत समुद्रकिनाऱ्यांचा भरणा मोठा होता. मॉस लँडिंग, झमुडोव्स्की, ग्रे व्हेल कोव्ह, ग्रीनवुड, वेस्टपोर्ट-युनियन लँडिंग, टोमालेस बे, मॅकग्राथ ही त्यांतील काही नावे होत. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरिन काउंटीत, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या एका प्रशासकीय विभागात, सॅन पाब्लो उपसागराच्या काठी असलेले चायना कॅम्प हेही त्यांतलेच एक.

चायना कॅम्पचा इतिहास थोडा तपशिलाने पाहण्याजोगा आहे, कारण शांत किनारा शांत का असतो याचे उत्तर पुष्कळदा निसर्गात नसते, ते इतिहासात असते. १८८० च्या दशकात या जागी चीनच्या कँटन परिसरातून आलेल्या सुमारे ५०० कोळ्यांचे गाव नांदत होते. तिथे किराणा मालाची तीन दुकाने होती, होड्यांचे सामान विकणारे एक दुकान होते आणि न्हाव्याचेही एक दुकान होते. त्यांचा धंदा उपसागरातील बारीक कोळंबीचा. तळाशी खुंट रोवून त्यांना शंकूच्या आकाराची पिशवीसारखी जाळी बांधायची आणि भरती-ओहोटीच्या ओढीने कोळंबी आपोआप त्यांत लोटली जाऊ द्यायची, ही त्यांची पद्धत होती. मुंबई आणि रायगडच्या किनाऱ्यावरील कोळी ज्या तत्त्वावर डोल जाळे लावतात, तेच तत्त्व इथे होते. पकडलेली कोळंबी मिठाच्या पाण्यात उकडली जाई, झाडझुडूप साफ केलेल्या टेकडीच्या उतारावर काही दिवस उन्हात पसरली जाई, मग तुडवून तिची टरफले मोकळी केली जात आणि हाताने फिरवायच्या पंख्याच्या यंत्रात उफणून टरफल एकीकडे व सोडे दुसरीकडे काढले जात. सोड्यांचा बराचसा माल जहाजाने चीनला जाई आणि टरफलेही खत म्हणून विकली जात, त्यामुळे या धंद्यात वाया जाणारे असे फार थोडे होते.

हे गाव बाजाराने मोडले नाही, ते कायद्याने मोडले. १८८२ च्या केंद्रीय कायद्याने चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी झाली. १९०१ साली कोळंबीच्या ऐन हंगामात मासेमारी बंद ठेवण्याचा नियम झाला. १९०५ साली वाळवलेल्या कोळंबीची निर्यात थांबवण्यात आली. आणि १९११ साली ती खुंटांवरची जाळीच बेकायदा ठरली. यांतील काही नियमांना माशांच्या संवर्धनाचे कारण दिले गेले असले, तरी ओळीने पाहता त्यांचा रोख एकाच समाजावर होता हे नाकारता येत नाही. माणसे पांगली, एखाददुसरे कुटुंब उरले, लाकडी धक्का आणि काही झोपड्या तेवढ्या राहिल्या. पुढे या जमिनीवर मोठी वसाहत उभारण्याचा बेत झाला, स्थानिक रहिवाशांच्या विरोधापुढे तो बारगळला, आणि १९७० च्या दशकात टेकड्या, खाजणे व कोळीवाड्याचा किनारा मिळून राज्य उद्यान झाले. म्हणजे २०११ साली ज्या जागेचा कमी वर्दळीचे ठिकाण असा हिशेब मांडला गेला, तिची वर्दळ शंभर वर्षांपूर्वी सरकारनेच संपवली होती, ही गोष्ट त्या हिशेबात कुठेच नव्हती.

किनारा मुळात कोणाचा, हा प्रश्न कॅलिफोर्नियाच्या कायद्यात उद्यानांपेक्षा जुना आहे. भरतीरेषेखालची जमीन राज्याच्या ताब्यात असते, पण राज्य तिचा मालक नसून विश्वस्त असते, या विचाराला सार्वजनिक विश्वस्ताचे तत्त्व म्हणतात. त्याचे मूळ सहाव्या शतकातील रोमन सम्राट जस्टिनियनच्या विधिसंग्रहापर्यंत नेले जाते, ज्यात हवा, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्रकिनारा यांना सर्वांच्या सामाईक गोष्टी मानले होते. १८९२ साली शिकागोच्या सरोवरकाठाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या तत्त्वाला ठोस रूप दिले: पाण्याखालची विस्तीर्ण जमीन एका रेल्वे कंपनीला देऊन टाकण्याचा अधिकार राज्याला नाही, असे ते सांगते. कॅलिफोर्नियाच्या १८७९ च्या संविधानानेही बंदर, उपसागर वा खाडीच्या काठची जमीन ज्याच्या ताब्यात असेल त्याने सार्वजनिक कामासाठी लागणारी पाण्याकडची वाट अडवू नये, असे कलम घातले. त्याच संविधानात चिनी माणसांना कंपन्यांनी व सरकारी कामांवर नोकरीस ठेवू नये असेही एक कलम होते, हे इथे विसरता येत नाही. ज्या सार्वजनिकांसाठी वाट राखली जात होती, त्यांत चायना कॅम्पचे कोळी धरलेले नव्हते.

विसाव्या शतकात या तत्त्वाचा अर्थ कॅलिफोर्नियातच विस्तारला. १९७१ साली टोमालेस उपसागराच्या काठावरील जमिनीच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की विश्वस्तपणाचा हेतू नौकानयन, व्यापार आणि मासेमारी एवढाच नाही. पोहणे, विसावा आणि किनारा त्याच्या मूळ नैसर्गिक स्थितीत राखणे हेही त्यात येते. १९८३ साली मोनो सरोवराच्या खटल्यात, लॉस एंजेलिस शहराने सरोवराला मिळणारे ओढे वळवल्याने त्याची पातळी खालावत चालली असता, त्याच न्यायालयाने आधी दिलेल्या पाणीहक्कांचाही या तत्त्वाच्या आधारे फेरविचार करता येतो असे म्हटले. टोमालेस उपसागराचे उद्यान आणि मोनो सरोवराच्या काठचे चुनखडीच्या सुळक्यांचे राखीव क्षेत्र, ही दोन्ही नावे २०११ च्या त्या ७० उद्यानांच्या यादीत होती. ज्या दोन पाण्यांच्या काठी राज्याच्या विश्वस्तपणाची व्याख्या घडली, त्यांचाच पहारा पैशासाठी उठवायचा ठरला होता.

उद्यानांची व्यवस्था उभी राहिली तीही सरकारच्या एकट्याच्या पैशावर नव्हे. १९२७ साली राज्य उद्यान आयोग स्थापन झाला आणि न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे रचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांच्या त्याच नावाच्या मुलाकडे संपूर्ण राज्याची पाहणी सोपवण्यात आली. १९२८ साली मतदारांनी ६० लाख डॉलरचे कर्जरोखे मोठ्या बहुमताने मंजूर केले, पण अट अशी होती की राज्य जितके पैसे घालील तितकेच देणगीदारांनी किंवा स्थानिक संस्थांनी घातले पाहिजेत. पुष्कळ जागा अशा वर्गणीतून, देणगीतून किंवा भूदानातून आल्या. १९३१ मधील डोहेनी किनारा हे त्याचे ठळक उदाहरण, जो एका तेलसम्राटाने दिला होता. पुढे सोनोमा काउंटीच्या किनाऱ्यावर सुमारे दहा मैलांच्या पट्ट्यात खासगी वसाहत आखली गेल्यावर लोकांची वाट कायमची बंद होईल या धास्तीने चळवळ उभी राहिली, १९७२ साली मतदारांनी किनारा संरक्षणाचा प्रस्ताव स्वीकारला आणि १९७६ च्या किनारा कायद्याने लोकांना जास्तीत जास्त प्रवेश मिळावा हे राज्याचे धोरण ठरले.

दोनच वर्षांनी, जून १९७८ मध्ये, त्याच मतदारांनी ‘प्रपोझिशन १३’ मंजूर करून मालमत्ता कर मूल्याच्या एक टक्क्यावर बांधून टाकला आणि राज्याचा कर वाढवण्यासाठी विधिमंडळात दोन तृतीयांश बहुमताची अट घातली. शाळा आणि स्थानिक संस्थांचा भार राज्याच्या तिजोरीवर आला, आणि उद्यानांसारख्या, ज्यांच्या मागे संघटित आवाज कमी असतो अशा खात्यांची ओढाताण सुरू झाली. छपरे गळत राहिली, सांडपाण्याच्या वाहिन्या जुन्या होत गेल्या, दुरुस्त्या पुढे ढकलल्या गेल्या. २००८ साली गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी ४८ उद्याने आणि २००९ साली तब्बल २२० उद्याने बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. दोन्ही वेळा लोकक्षोभामुळे माघार घेतली गेली, पण कामाचे तास आणि देखभाल कापली गेलीच. २०१० साली प्रत्येक वाहनामागे वर्षाला १८ डॉलर अधिभार लावून उद्यानांत मोफत प्रवेश देण्याची सूचना मतदारांपुढे आली आणि ती मतदारांनी फेटाळली. लोकांना उद्याने हवी होती, पण त्यांची किंमत करातून द्यायची नव्हती, ही विसंगती मान्य केल्याशिवाय केवळ सरकारला दोष देणे न्याय्य होणार नाही.

तरीही बंद करणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न हिशेबनिसांनी पुरेसा विचारला नाही, असेच म्हणावे लागते. वस्तुसंग्रहालयाला कुलूप लावता येते. किनाऱ्याला लावता येत नाही. वाहनतळाच्या तोंडाशी साखळी ओढता येते, शौचालये बंद करता येतात, कचऱ्याचे पिंप उचलता येतात आणि रक्षकाची बदली करता येते, पण भरतीरेषेखालची वाळू कायद्याने लोकांचीच राहते आणि तिथवर चालत येणाऱ्याला थांबवायला कोणी नसते. म्हणजे बंद होते ती देखरेख. आग, अपघात, चोरी यांची जबाबदारी उद्यानाचा मालक म्हणून राज्याकडेच राहते. मोहावी वाळवंटातील प्रॉव्हिडन्स माउंटन्स या उद्यानात हे प्रत्यक्ष दिसले. तिथली मिचेल गुहा २०११ च्या आरंभी बंद झाली, आणि निर्मनुष्य झालेल्या इमारतींमधून चोरट्यांनी तांब्याच्या तारा उपसून नेल्या आणि मोडतोड केली. ती गुहा पुन्हा उघडायला २०१७ साल उजाडले. वाचवलेल्या पगाराच्या रकमेसमोर असे खर्च मांडले, तर शांत उद्यान बंद करून होणारी बचत कागदावरच्या आकड्यापेक्षा खूपच लहान निघते.

चायना कॅम्प वाचले ते शेजाऱ्यांमुळे. २०११ साली झालेल्या एका कायद्याने ना-नफा संस्थांना उद्याने चालवण्याची मुभा दिली आणि ‘फ्रेंड्स ऑफ चायना कॅम्प’ या स्थानिक संस्थेने २०१२ साली देणग्या, स्वयंसेवक आणि वाहनतळाचे शुल्क यांच्या बळावर उद्यानाचा कारभार अंगावर घेतला. टोमालेस बेची जबाबदारी केंद्रीय राष्ट्रीय उद्यान सेवेने उचलली. इतरत्र कुठे काउंटीने, कुठे निनावी देणगीदाराने हात दिला आणि यादीतील जवळजवळ सर्व उद्याने उघडी राहिली. हे काम आदराने नोंदवण्याजोगे आहे, पण त्यात एक अन्यायही दडलेला आहे. मरिन ही अमेरिकेतील सर्वांत श्रीमंत काउंट्यांपैकी एक. तिथल्या रहिवाशांना वर्गणी काढणे आणि आठवड्याचे काही तास फुकट देणे परवडते. जिथे गावे गरीब आहेत आणि माणसे दोन-दोन नोकऱ्या करतात, तिथला तितकाच मोलाचा किनारा अशा मदतीअभावी उघडा पडू शकतो, आणि मग सार्वजनिक मालमत्तेचे भवितव्य शेजाऱ्यांच्या ऐपतीवर ठरते.

जुलै २०१२ मध्ये या प्रकरणाला धक्कादायक वळण मिळाले. विभागाच्या दोन निधींमध्ये मिळून सुमारे ५.४ कोटी डॉलर अनेक वर्षे अर्थखात्याला कळवलेच गेले नव्हते, असे उघड झाले. त्यांतले सुमारे दोन कोटी उद्यान निधीत होते आणि उरलेले आडरस्त्यांवर चालणाऱ्या वाहनांच्या राखीव निधीत. विभागाच्या संचालक रूथ कोलमन यांनी राजीनामा दिला. ज्यांनी महिनोन्‌महिने घरोघर फिरून पैसे जमवले होते त्यांचा संताप समजण्यासारखा होता. सप्टेंबरमध्ये विधिमंडळाने दोन वर्षे एकही उद्यान बंद करू नये असा कायदा केला आणि देणगीदारांनी दिलेल्या रकमेइतकी भर घालण्यासाठी या निधीतून तरतूद केली.

सार्वजनिक विश्वस्ताचा कॅलिफोर्नियातील विचार भारतातही पोहोचला आहे. डिसेंबर १९९६ मध्ये हिमाचल प्रदेशातील बियास नदीकाठची जमीन एका हॉटेल कंपनीला दिल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मोनो सरोवराच्या निकालाचा आधार घेऊन सार्वजनिक विश्वस्ताचे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग असल्याचे सांगितले. २००९ साली गोव्यातील दोनापावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्याच्या खटल्यात हे तत्त्व पुन्हा वापरले गेले: हॉटेलसाठी जमीन संपादन करताना झालेल्या करारातच किनाऱ्याकडची लोकांची जुनी वाट खुली ठेवण्याची अट होती, आणि त्या वाटेवर झालेल्या बांधकामाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने दिलेला आदेश सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला.

मात्र या निकालांची पोच कुठवर आहे हे नीट पाहिले पाहिजे. विश्वस्ताने किनारा विकू नये, दुसऱ्याच्या घशात घालू नये, वाट अडवू देऊ नये, इतके न्यायालय सांगू शकते. त्या किनाऱ्यावर एक रक्षक, एक शौचालय आणि उतरणीवर एक कठडा ठेवण्यासाठी विश्वस्ताने दरवर्षी किती रक्कम बाजूला काढावी, हे या निकालांपैकी एकानेही ठरवून दिलेले नाही. तो आकडा अंदाजपत्रकात ठरतो, आणि तिथे गर्दीचे किनारे नेहमी आधी येतात. चायना कॅम्पसारखी उद्याने आज ज्या करारांवर चालतात ते करार ठरावीक मुदतीचे असतात, आणि मुदत संपली की संस्थेला आणि राज्याला पुन्हा समोरासमोर बसावे लागते.