त्सोलफेराइन कोळसा खाण

त्सोलफेराइन ही जर्मनीच्या नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेन राज्यातील एसेन शहराच्या उत्तर भागात असलेली, आता बंद पडलेली दगडी कोळशाची खाण आहे. १८४७ मध्ये तिचे खोदकाम सुरू झाले, १८५१ पासून तेथून कोळसा निघू लागला आणि २३ डिसेंबर १९८६ रोजी ती बंद झाली. त्या वेळी एसेनमध्ये चालू असलेली ती अखेरची खाण होती. खाणीलगतचा कोक कारखाना त्यानंतरही १९९३ पर्यंत चालू राहिला. २००१ मध्ये युनेस्कोने या परिसराला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला. ‘जगातील सर्वांत सुंदर कोळसा खाण’ अशी तिची ख्याती आहे. ही ख्याती मुख्यतः १२ क्रमांकाच्या कूपकावरील इमारतींमुळे लाभलेली आहे. कूपक म्हणजे जमिनीवरून कोळशाच्या थरांपर्यंत खोल नेलेली उभी विहीर.

नाव व आरंभ

खाणीचा संस्थापक फ्रान्त्स हानिएल हा ऱ्हाइन नदीकाठचा उद्योगपती होता. लोखंड गाळण्यासाठी कोक लागतो आणि कोक तयार करण्यासाठी योग्य प्रतीचा कोळसा लागतो. हानिएलने एसेनच्या उत्तरेस त्याचा शोध घेतला आणि सुमारे १३० मीटर खोलीवर त्याला पहिला थर सापडला. ‘त्सोलफेराइन’ या शब्दाचा अर्थ जकातसंघ असा आहे. १८३४ मध्ये अनेक जर्मन राज्यांनी आपसांतील जकात रद्द करून असा संघ स्थापन केला होता आणि त्यामुळे व्यापाराचा मार्ग मोकळा झाला होता. त्या काळातील आशावाद या नावात दिसतो.

पहिल्या दोन कूपकांवर दगडी बांधणीचे जाड भिंतींचे मनोरे होते. पुढे मागणी वाढत गेली तसे नवे कूपक खोदले गेले. त्यांतील काही केवळ वायुवीजनासाठी होते, कारण रूर प्रदेशातील खाणींत साठणारा ज्वालाग्राही वायू हे स्फोटांचे नेहमीचे कारण होते. १८९० मध्ये वार्षिक उत्पादन १० लाख टनांवर गेले, तर पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ते सुमारे २५ लाख टन झाले.

कूपक क्रमांक १२

१९२६ मध्ये खाण ‘फेराइनिग्टे श्टालवेर्के’ या पोलाद उद्योगसमूहाकडे आली. निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेल्या जुन्या यंत्रणांऐवजी सर्व कोळसा एकाच ठिकाणी वर आणावा, असे नव्या व्यवस्थापनाने ठरविले. फ्रित्स शुप आणि मार्टिन क्रेमर या वास्तुरचनाकारांनी त्यासाठी १२ क्रमांकाच्या कूपकाची रचना केली आणि १९३२ मध्ये तो सुरू झाला. पोलादी सांगाड्यात बसविलेल्या लाल विटा, सरळ रेषा, कोठेही अनावश्यक नक्षी नाही, आणि या सर्वांवर ५५ मीटर उंचीचा दुहेरी पायांचा उच्चालक मनोरा, असे त्याचे रूप आहे. हाच मनोरा पुढे संपूर्ण रूर प्रदेशाचे प्रतीक बनला. येथून दिवसाला १२,००० टन कोळसा वर काढण्याची क्षमता होती. पूर्वी एवढे काम चार ठिकाणच्या यंत्रणा मिळून करीत असत.

छायाचित्रांतून सहसा लक्षात न येणारी एक गोष्ट अशी, की हा प्रसिद्ध मनोरा माणसांसाठी नव्हताच. त्यातून कोळसा वर येई. कामगार मात्र जवळच्या १, २ व ८ क्रमांकांच्या जुन्या कूपकांतून खाली उतरत आणि पाळी संपल्यावर तेथूनच बाहेर पडत.

कामगारांचे जीवन

पाळीवर येणारा कामगार प्रथम कपडे बदलण्याच्या मोठ्या दालनात जाई. घरचे कपडे आकड्यांना अडकवून साखळीने छताशी ओढले जात आणि साखळीला कुलूप लावले जाई. खाली उतरल्यावर अंधार, धूळ व उष्णता यांत काम असे. कोळशाच्या थरापाशी आरंभी कुदळीने आणि विसाव्या शतकात दाबयुक्त हवेवर चालणाऱ्या हातोड्याने कोळसा फोडला जाई. दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसांचा विकार अनेकांना निवृत्तीनंतरही सोडत नसे. वर आलेल्या कोळशातून दगड वेचण्याचे काम रूरच्या खाणींत बहुधा अल्पवयीन मुले, वृद्ध आणि खाणीत जायबंदी झालेले कामगार यांच्याकडे येई.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्व प्रशिया, सिलेशिया आणि पोझेन या प्रांतांतून हजारो लोक कामासाठी रूरमध्ये आले. खाणमालकांनी त्यांच्यासाठी वसाहती बांधल्या. घरामागे भाजीचा मळा आणि गोठा असे. गोठ्यात बहुधा शेळी असे आणि तिला थट्टेने ‘खाणकामगाराची गाय’ म्हणत. ही सोय निर्हेतुक नव्हती. घर कंपनीचे असल्यामुळे नोकरी गेली की घरही जाई आणि संपावर जाण्यापूर्वी कुटुंबाला दोनदा विचार करावा लागे. दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी आणि वेठीस धरलेले परदेशी मजूर यांना येथे राबविण्यात आले. १९६० च्या दशकापासून तुर्कस्तानातून आलेले कामगार रूरमधील खाणींत मोठ्या संख्येने दिसू लागले.

उतरती कळा व बंदी

१९६१ मध्ये १९२ भट्ट्यांचा नवा कोक कारखाना सुरू झाला. त्याचीही रचना शुपनेच केली होती. क्रेमर १९४५ मध्येच मरण पावला होता. वस्तुतः कोळशाच्या ओहोटीला याआधीच, १९५८ च्या सुमारास, प्रारंभ झाला होता. खनिज तेल आणि परदेशांतून येणारा स्वस्त कोळसा यांच्यापुढे खोल खाणींतून काढलेला जर्मन कोळसा महाग पडू लागला. १९६८ मध्ये रूरमधील बहुतेक खाणी ‘रूरकोले’ या एका कंपनीत विलीन करण्यात आल्या. तिने शासकीय अनुदानाच्या आधारे खाणी एकाएकी बंद न करता टप्प्याटप्प्याने आटोपत्या घेतल्या. कामगारांना इतर खाणींत पाठविणे किंवा मुदतपूर्व निवृत्तिवेतन देणे हे त्यातील मुख्य उपाय होते. यामुळे घाऊक बेकारी टळली. मात्र ज्या वयात पूर्वी मुले वडिलांबरोबर खाणीत जात, त्या वयाच्या पुढच्या पिढीसाठी तेथे काम उरले नाही. खाणीभोवतीच्या उत्तर एसेनमध्ये त्यानंतर दीर्घकाळ बेरोजगारी जाणवत राहिली.

बंद झाल्यानंतर

खाण बंद झाली त्याच वर्षी राज्य शासनाने १२ क्रमांकाच्या कूपकाचा परिसर विकत घेतला आणि पाडापाडीतून तो वाचला. कोक कारखान्याचे भवितव्य मात्र अधांतरी होते. तो चीनला विकण्याच्या वाटाघाटी फिसकटल्या, पुढे तो पाडण्याचा विचार झाला आणि शेवटी त्यालाही संरक्षण मिळाले. नॉर्मन फॉस्टर यांनी बाष्पकगृहाचे रूपांतर रचना संग्रहालयात केले. कोळसा धुण्याच्या इमारतीत २०१० पासून रूर संग्रहालय आहे. कामगारांच्या कपडे बदलण्याच्या जुन्या दालनात आता नृत्यकेंद्र चालते. परिसर दाखविणाऱ्या मार्गदर्शकांत माजी खाणकामगारही आहेत.

जमिनीखालचे काम मात्र कोळसा संपल्याने संपले नाही. खाणकामामुळे या भागातील जमीन ठिकठिकाणी खचली असून पाणी उपसले नाही तर सखल भाग बुडण्याचा धोका आहे. खोल थरांतून वर येणारे खारट पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळू नये, याचीही काळजी घ्यावी लागते. त्यासाठी त्सोलफेराइन येथे कोळसा काढणे थांबल्यावरही अनेक वर्षे पंप चालू ठेवावे लागले. २१ डिसेंबर २०१८ रोजी बॉट्रोप येथील प्रोस्पर-हानिएल ही जर्मनीतील अखेरची दगडी कोळशाची खाण बंद झाली. हानिएलचे नाव तिच्यापर्यंत टिकून होते. रूरमधील पाण्याच्या उपशाचा खर्च २०१९ पासून याच हेतूने स्थापन केलेला एक निधी करतो. या खर्चाला जर्मन भाषेत ‘अनंतकाळचा भार’ असे म्हटले जाते.