बागेचें बक्षीस आणि बागेचा धंदा

बागरचनेच्या स्पर्धा आतां दूरचित्रवाणीवर होऊं लागल्या आहेत. विलायतेंत बी. बी. सी. नें २०१५ सालीं अशी एक स्पर्धा दाखविली. तींत हौशी माणसेंही उतरलीं होतीं, आणि विजेत्यास लंडनच्या चेल्सी येथील सुप्रसिद्ध पुष्पप्रदर्शनांत स्वतःची बाग उभारण्याचा मान मिळाला. अशा स्पर्धेनें हौशी माणूस धंद्यास तयार होतो काय, हा आजचा प्रश्न आहे. प्रश्न केवळ करमणुकीचा नव्हे. घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी बक्षिसाच्या भरांत पगाराची नोकरी सोडून या धंद्यांत पडण्याची गोष्ट बोलूं लागली, म्हणजे वडीलमाणसांना त्याचें उत्तर देणें भाग पडतें. तें उत्तर इतिहासांत शोधलेलें बरें.

फुलाझाडांच्या स्पर्धांची परंपरा जुनी आहे. विलायतेंतील रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी १८०४ सालीं स्थापन झाली व तिचें चेल्सीचें प्रदर्शन १९१३ पासून भरूं लागलें. आपल्या पुण्यासही ही परंपरा अपरिचित नाहीं. अ‍ॅग्रि-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था १८३० सालची असून, तिच्या व्यवस्थेखालील एम्प्रेस गार्डनमध्यें हिंवाळ्यांत पुष्पप्रदर्शन भरतें. गुलाब, कुंड्यांतील झाडें, पुष्परचना यांना तेथें बक्षिसें मिळतात. अशा प्रदर्शनांनीं शहरांतील हौसेला वळण लावलें व चांगलें कशास म्हणावें हें डोळ्यांना शिकविलें, हें त्यांचें ऋण मान्य केलेंच पाहिजे.

परंतु परीक्षक पाहतो तें त्या दिवसाचें रूप. चेल्सीची बाग पांच दिवस मिरविते आणि मग बहुधा उकलली जाते. तेथील झाडें अन्यत्र वाढवून ऐन बहरांत आणून मांडलेलीं असतात. त्यांनीं मूळ धरलें काय, वैशाखांत त्यांना किती पाणी लागेल, तिसऱ्या वर्षीं कोणतें झाड कोणाच्या डोक्यावर सांवली धरील, हें विचारण्याचें तेथें कारणच पडत नाहीं. धंदेवाल्यास मात्र मालक नेमकें हेंच विचारतो.

मग हौशी माणूस धंदेवाला झालाच नाहीं काय? झाला आहे. गर्ट्रूड जेकिल या इंग्रज बाईंचें उदाहरण घ्या. १८४३ सालीं जन्मलेल्या या बाईंचें शिक्षण चित्रकलेचें. पुढें दृष्टि अधू होत गेली, तेव्हां त्यांनीं रंगांचें तें ज्ञान बागेकडे वळविलें. पुढें ज्यांनीं नव्या दिल्लीची रचना केली त्या एडविन लटियन्स यांच्या जोडीनें व स्वतंत्रपणेंही त्यांनीं शेंकडों बागा आंखल्या. परंतु १८८९ सालीं लटियन्सची गांठ पडली तेव्हां बाईंचें वय पंचेचाळिशीच्या पुढें गेलें होतें, आणि त्यामागें स्वतःच्या मातींत घालविलेलीं कित्येक वर्षें होतीं. त्यांची उमेदवारी झाली ती त्या मातींत.

हाच न्याय आपल्या नीरेच्या कांठीं अधिक स्पष्ट दिसतो. बागरचना व बागाईत हे दोन धंदे एक नव्हेत. पण माती व पाणी यांवर हात बसण्याची रीत दोहोंची एकच आहे. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर सरकारनें नीरेचा डावा कालवा काढला व १८८५ च्या सुमारास त्याचें पाणी बारामती-इंदापुराकडे खेळूं लागलें. आज जेथें सोमेश्वरनगरचा सहकारी साखर कारखाना आहे तो सारा टापू त्या काळीं जिराइताचा. उसाला पाणी कसें व किती द्यावें याची सवय तेथील बहुसंख्य शेतकऱ्यांस नव्हती. ती सवय होती सासवडच्या माळी मंडळींना. त्यांनीं कालव्याखालच्या जमिनी खंडानें घेतल्या, ऊस पिकविला, गूळ केला. स्थानिक शेतकरी त्यांच्या बांधावर उभे राहून, त्यांच्या फडांत राबून ही विद्या शिकले व स्वतः बागाईतदार झाले. आणि याच माळी मंडळींनीं १९३२ सालीं सोलापूर जिल्ह्यांत माळीनगर येथें स्वतःची साखर कंपनी काढली. या शिक्षणांत ना परीक्षक होता, ना पदक. नुकसान झालें तर खंड मात्र द्यावाच लागे; तोच त्यांचा परीक्षक.

याच कालव्यानें दुसरा धडाही दिला. पाण्याच्या हव्यासानें व निचऱ्याच्या अभावीं कित्येक जमिनी पाणथळ व खारवट झाल्या. ज्या शेतानें एका हंगामांत गांवाला थक्क केलें, तें कांहीं वर्षांनीं कुसळालाही महाग व्हावें, असा प्रकार घडला. स्वातंत्र्यानंतर पीकस्पर्धा सुरू झाल्या, कृषिपंडित ही पदवी आली; मांजरीची वसंतदादा साखर संस्था आजही उत्तम ऊस पिकविणारास ऊसभूषण म्हणून गौरविते. अशा गौरवानें शेजाऱ्याच्या मनांत ईर्षा उत्पन्न होते, ही मोठीच गोष्ट होय. तथापि एकरीं उतारा हा एका हंगामाचा हिशेब आहे. जमिनीचा हिशेब पिढीचा असतो.

तेव्हां स्पर्धेला तुच्छ लेखण्याचें कारण नाहीं. ती धीर देते, नांव देते, चार जाणत्यांची ओळख करून देते, आणि आपल्या अंगीं या कामाची आवड खरोखर आहे कीं नाहीं याची चुणूक दाखविते. परंतु दर कसा ठरवावा, मजूर कसे सांभाळावे, मालकाचें मन कसें ओळखावें, वाळलेलें झाड कोणाच्या खर्चानें बदलावें, हें ती शिकवीत नाहीं. तें शिकावयास रोपवाटिकेंत व दुसऱ्याच्या बागेंत दोन-चार वर्षें राबावें लागतें. रीतसर अभ्यास करावयाचा तर पुण्याचें शेतकी महाविद्यालय आहे. स्थापत्याचे पदवीधर असाल तर तेथेंच भानुबेन नानावटी महाविद्यालयांत भूदृश्यरचनेचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही आहे.

म्हणून घरांतील तरुणानें बक्षीस आणलें, तर त्याचें कौतुक अवश्य करावें, पण राजीनाम्याची घाई करूं देऊं नये. नोकरी सांभाळून त्यानें प्रथम कोणा ओळखीच्या अंगणांत एक बाग लावावी आणि तिचे तीन उन्हाळे पाहावे. चौथ्या वर्षीं ती बाग हिरवी असेल, आणि तिच्या मालकानें आपण होऊन शेजाऱ्याला त्याचें नांव सांगितलें असेल, तर त्या तरुणाच्या आड वडीलमाणसांनीं येऊं नये.