गोदाकाठचे ग्रहगणित आणि औंढ्याची वेधशाळा

आकाशाचे शास्त्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दूरची गावे येतात. उज्जैन, काशी, नाहीतर थेट पॅरिस. आपल्या गोदाकाठाचे नाव त्यात सहसा कोणी घेत नाही. पण पाचशे वर्षांचा हिशेब मांडला, तर एक गोष्ट ध्यानात येते. आकाश मोजणारी माणसे या भूमीने दिली. मोजण्याची जागा मात्र पुष्कळदा दुसरीकडे राहिली.

आरंभ करू शके १४२५ पासून, म्हणजे इ. स. १५०३ पासून. त्या सुमारास गोदावरीच्या खोऱ्यात पार्थपूर येथे ज्ञानराज नावाचे ज्योतिषी राहत होते. हे पार्थपूर म्हणजे परभणी जिल्ह्यातले आजचे पाथरी, असे अभ्यासक मानतात. ज्ञानराजांनी ‘सिद्धान्तसुंदर’ हा ग्रंथ रचला. त्यांचे चिरंजीव सूर्यदास यांनी भास्कराचार्यांच्या लीलावतीवर आणि बीजगणितावर टीका लिहिल्या. हे सूर्यदास कवीही होते. सुलट वाचले तर रामाची कथा आणि उलट वाचले तर कृष्णाची, असे एक काव्य त्यांच्या नावावर आहे. अशी अक्षरे जुळवणाऱ्या माणसाला अंकांचे काय भय!

याच गोदेच्या उत्तर तीरावर गोलग्राम नावाचे गाव होते. तिथले दिवाकर हे ‘ग्रहलाघव’कार गणेश दैवज्ञांचे शिष्य. ग्रहलाघव हा १५२० सालचा ग्रंथ. पंचांगाचे गणित सोपे करणारा म्हणून तो पुढे घरोघरच्या जोशांच्या हाती गेला. दिवाकरांचे पाचही पुत्र विद्वान निघाले. त्यांपैकी मल्लारी आणि विश्वनाथ यांनी गुरूच्या या ग्रंथावर टीका लिहून तो शिकणाऱ्याला सुलभ केला. पण हे घराणे पुढे काशीला गेले. दिवाकरांचे पणतू कमलाकर यांनी १६५८ साली ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ हा मोठा ग्रंथ लिहिला, तो काशीत बसून. विद्या गोदाकाठची, ग्रंथ मात्र गंगाकाठी!

आता अडीचशे वर्षे ओलांडू. नांदेड तेव्हा हैदराबाद संस्थानातला एक जिल्हा होता आणि लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत होते. संस्थानातले एक सरदार नबाब जफर जंग यांना ताऱ्यांचा मोठा नाद. त्यांनी १५ इंची दुर्बीण आणून १९०१ साली हैदराबादेस वेधशाळा काढली. त्यांच्यामागे १९०८ साली ती सरकारकडे आली आणि निजामिया वेधशाळा म्हणून प्रसिद्धीस पावली. त्या आधीच, १८८७ साली, पॅरिसच्या परिषदेत सगळ्या आकाशाची छायाचित्रे घेऊन ताऱ्यांची नोंद करायचे ठरले होते. गावच्या जमिनीची मोजणी व्हावी, तशीच ही आकाशाची मोजणी! जगातल्या वेधशाळांनी पट्टे वाटून घेतले. हैदराबादेच्या वाट्याला खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेस १७ ते २३ अंशांचा पट्टा आला. आपण उन्हाळ्यात अंगणातून अनुराधा नक्षत्र पाहतो ना, त्याचा मुख्य तारा याच पट्ट्यात आहे. काचेच्या तबकड्यांवर उमटलेले बारीक ठिपके एकेक मोजून लाखो ताऱ्यांची जागा लिहून ठेवण्यात आली. पण ही वेधशाळाही राजधानीची. आपण प्रजा होतो. दुर्बीण होती हैदराबादेत.

आणि आता तिसरी गोष्ट, ती मात्र आपल्या दाराशी घडते आहे. हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथाजवळ, लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये. तळ्यात धोंडा पडला म्हणजे लाटा उठतात; त्याचप्रमाणे दोन प्रचंड कृष्णविवरे एकमेकांवर आदळली म्हणजे अवकाशातच लहरी उठतात. त्यांना गुरुत्वीय लहरी म्हणतात. त्या पहिल्यांदा पकडल्या गेल्या १४ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेतल्या दोन वेधशाळांत. ती टक्कर १०० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी झालेली!

हे यंत्र दुर्बिणीसारखे नाही. गवंड्याच्या गुण्यासारख्या काटकोनात दोन भुजा, प्रत्येक चार किलोमीटर लांब. दोहींतून लेसरचा प्रकाश जातो आणि टोकाच्या आरशावर आपटून परततो. लहर आली की एक भुजा किंचित ताणली जाते, दुसरी आखडते. हा फरक प्रोटॉनहूनही शेकडो पट लहान. म्हणून जागा शांत हवी. वाहनांची, कारखान्यांची थरथर नको. शिवाय एका कानाने आवाजाची दिशा नीट कळत नाही. तसेच आकाशातली टक्कर कुठे झाली हे नेमके सांगायला पृथ्वीवर दूरदूर अंतरावर अनेक यंत्रे लागतात. औंढ्याचे महत्त्व आहे ते यासाठी.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, खरा प्रश्न यापुढचा आहे. लातूरच्या आणि नांदेडच्या मुलांनी परीक्षांत नाव काढले. ‘लातूर पॅटर्न’ साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण शिकायचे आणि गाव सोडायचे, ही गोलग्रामची जुनी रीत अजून मोडलेली नाही. आता यंत्रच आपल्याकडे येत आहे. त्यापाशी आपली मुले नुसती कुंपणाबाहेरून पाहणार, की आत बसून मोजणार?

मोजायची सवय शाळेच्या अंगणातच लागते, आणि तिला पैसा लागत नाही. जुन्या सिद्धान्तग्रंथांत शंकूच्या, म्हणजे उभ्या खुंटीच्या, छायेवरून दिशा, स्थळ व वेळ काढण्याचा एक स्वतंत्र अध्यायच असतो. तीच खुंटी रोवा. १२ मेच्या सुमारास लातुरात भर दुपारी तिची सावली नाहीशी होते. नांदेडला तीन दिवसांनी, १५ मेच्या सुमारास. असे का, हे मुलांना विचारा. नांदेड लातूरच्या उत्तरेस सुमारे पाऊण अंश आहे. या पाऊण अंशाचे किती किलोमीटर होतात ते नकाशावरून काढले, की पूर्ण ३६० अंशांचे त्रैराशिक मांडून पृथ्वीचा घेर मुलांच्या वहीत उतरतो. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते हे खरे. पण खुंटीला आणि उन्हाला सुट्टी नसते.